सेक्रेटरींच्या अंगणातला गाळ

ज्या माणसाला पुढेमागे एखादी खोली बांधायची असेल, त्याने बांधकामाविषयी नियम करू नयेत. करायचेच असले तर त्यात 'लहान-मोठे प्रत्येक' हे शब्द घालू नयेत. आणि घातलेच, तर ते शब्द आपणच सुचवले म्हणून भर सभेत उभं राहून टाळ्या तरी घेऊ नयेत. सेक्रेटरींनी ही तिन्ही कामं एकाच संध्याकाळी उरकली होती.

सेक्रेटरी म्हणजे तळे समितीचे सेक्रेटरी. नोकरी त्यांनी वीज कंपनीत केली, मीटर तपासण्याची. लोकांच्या दारात उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, 'हे चाक जरा जास्तच हळू फिरतंय' असं म्हणण्यात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या वस्तू तपासू लागले. फ्रिजचं दार नीट लागतं का, गॅसची ज्योत निळी आहे का, भांडी घासल्यावर कडांना काही राहिलंय का. शेवटी बायको म्हणाली, अहो, जरा तळ्यावर जाऊन येत जा, हवा चांगली असते म्हणतात. हवा कोणासाठी चांगली, हे तिने सांगितलं नाही.

सेक्रेटरी गेले आणि तळ्याच्या प्रेमात पडले. ज्या वयात लोक गुडघ्याला पट्टे बांधतात त्या वयात ते पोहायला शिकले. पोहणं म्हणजे फार काही नव्हतं. कडेकडेने दहा-बारा हात मारायचे आणि मग छातीइतक्या पाण्यात उभं राहून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. पण तिथे उभं राहून खाली बघितलं की स्वतःच्या पायांची बोटं दिसायची. घरी तीच बोटं चोवीस तास उपलब्ध असून त्यांच्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. तळ्याच्या तळाशी ती दिसली की मात्र त्यांना आतून फार बरं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सेक्रेटरीसारख्या माणसाने पायांच्या बोटांसाठी समिती काढली, हे जरा हलकं दिसलं असतं.

काढली मात्र त्यासाठीच. तळ्याच्या काठाला एक मोठी इमारत उभी राहायला लागली आणि तिथल्या मातीचं, सिमेंटचं पाणी थेट तळ्यात यायला लागलं. आधी बोटं गेली, मग घोटे, मग गुडघे. पाणी चहासारखं दिसायला लागलं तेव्हा सेक्रेटरी पेटले. पत्रं, सह्या, सभा, बांधकामाच्या फाटकासमोर छत्री उघडून बसणं, सगळं झालं. अखेर इमारतवाले नमले. त्यांनी गाळ बसायला तीन कप्प्यांची टाकी बांधली. पहिल्या कप्प्यात पाणी थांबतं, माती खाली बसते, निवळलेलं पाणी पुढे सरकतं, आणि तिसऱ्यातून बाहेर पडेपर्यंत ते तोंड बघण्याइतकं स्वच्छ होतं. इमारतीवरच्या कामगारांनी त्या टाकीचं नाव 'सेक्रेटरी' ठेवलं. 'सेक्रेटरीतला गाळ उपसा रे' अशी हाक रस्त्यापर्यंत ऐकू यायची. सेक्रेटरी ती ऐकून न ऐकल्यासारखी करत आणि घरी आल्यावर पाणी मागून पीत.

करार झाला त्या सभेत इमारतीच्या इंजिनिअरबाई उठल्या. वयाने लहान, बोलायला थोड्या, पण ज्यावर बोट ठेवतील तिथे दुखणार. त्यांनी एवढंच विचारलं की नियम फक्त आम्हालाच, की तळ्याभोवतीच्या इतर बांधकामांनाही? सेक्रेटरी तडक उभे राहिले. "लहान-मोठे प्रत्येक बांधकाम," ते म्हणाले. "उद्या माझ्या घराचं असलं तरी." टाळ्या पडल्या. इंजिनिअरबाईंनी ते वाक्य करारात घालून घेतलं आणि खाली आणखी एक जोडलं: कुठल्याही एका बांधकामाने नियम मोडला आणि समितीने कानाडोळा केला, तर टाकी चालवायला आम्ही बांधील नाही. सेक्रेटरींनी ऐटीत सही ठोकली.

नियम साधे होते. तळ्याच्या पायऱ्यांपाशी एक फळा लावला होता. त्यावर सेक्रेटरी रोज सकाळी पाणी कसं आहे ते लिहीत. गढूळ असेल तर कुणामुळे, तेही लिहायचं. ज्याचं नाव फळ्यावर येईल त्याने आठवडाभर पायऱ्या घासायच्या आणि त्याचं काम दुसऱ्या बाजूने तपासायचं. सुरुवातीला इमारतीचं नाव एकदा आलं होतं. तेव्हा इंजिनिअरबाई स्वतः उभ्या राहून पायऱ्या घासून घेत आणि सेक्रेटरी हात मागे बांधून तपासायला येत. पायरीवर बोट फिरवत, ते बोट उजेडात धरत, आणि दर वेळी एकच वाक्य म्हणत: "कोपरे राहिलेत."

हे सगळं आधी सांगितलं ते बरं झालं, कारण आता सासूबाईंचे गुडघे येतात.

सासूबाईंना त्यांच्या घरचा जिना चढवेना. बायको म्हणाली, आईला इकडेच आणू, मागच्या अंगणात एक खोली काढू, तिला लागून न्हाणीघर. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी सेक्रेटरी म्हणाले नसते, कारण बायको ते वाक्य भाजी चिरता चिरता म्हणाली होती. मिस्त्री ठरला. हा मिस्त्री कमी बोलायचा आणि सेक्रेटरी बोलायला लागले की ओळंबा घेऊन भिंतीला लावून बसायचा. दुसऱ्याच दिवशी ट्रक आला, उतारावरच्या अंगणात वाळूचा ढीग ओतून गेला, आणि ट्रक वळायच्या आत शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावर येऊन टेकले.

दातांच्या डॉक्टरांचं वैशिष्ट्य असं की ते समोरच्याला तोंड उघडायला लावून बोलायचे, आणि दवाखाना सुटल्यावरही ही सवय सुटत नसे. ते म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, तुमचं घर उतारावर, खाली रस्ता, रस्त्यापलीकडे तळं. ही वाळू वाहून गेली तर फळ्यावर तुमचंच नाव लिहावं लागेल, नाही का? सेक्रेटरींचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

त्या घटकेपासून खोली बाजूला पडली. घरातून चिमूटभरसुद्धा माती खाली जाता कामा नये, हे एकच काम उरलं. गेली, तर टाकी बंद. टाकी बंद झाली, तर तळं पुन्हा चहा. आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच हसणार. सेक्रेटरींना रात्री नीट झोप लागेना.

वाळू झाकायला ताडपत्री हवी होती. बाजारात त्या आठवड्यात ती मिळेना, म्हणून सेक्रेटरींनी हॉलचे पडदे काढले. बायको बाहेरून आली तेव्हा पडदे वाळूवर पसरलेले, विटांनी दाबलेले, आणि हॉल रस्त्याला उघडा. पुढचे काही दिवस हे कुटुंब सगळ्या गल्लीच्या देखत राहिलं. कोण किती वाजता सोफ्यावर आडवं होतं, कोण टीव्हीपुढे जेवतं, आणि सेक्रेटरी एकटे असताना आरशापुढे भाषणाचा सराव करतात, हे सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी तर एकदा भाषणातल्या एका मुद्द्यावर दुरुस्तीही सुचवली.

वाळू झाकून झाली. पण पाया खणला, त्याची माती होतीच. मिस्त्रीचं म्हणणं, गटारीकडे जाऊ द्या साहेब, सगळेच सोडतात. यावर सेक्रेटरींनी त्याला तळ्याचा इतिहास सांगितला. मिस्त्रीने ओळंबा काढला. मग डॉक्टरांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं सांगितलं, की गवताच्या पेंढ्या आडव्या लावल्या की पाणी जातं आणि माती अडते. सेक्रेटरींनी टेम्पोभर पेंढ्या आणवल्या, अंगणाच्या खालच्या कडेला ओळीने रचल्या, मध्ये मध्ये खुंट्या ठोकल्या. काम इतकं देखणं झालं की त्यांनी त्याचा फोटो काढला. तो फोटोच काय तो राहिला. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या शेळीला सकाळी वास आला, ती नात्यातल्या सगळ्या शेळ्या घेऊन आली, आणि दुपारपर्यंत अंगणात खुंट्या तेवढ्या उभ्या होत्या. शिंपी येऊन वर तक्रार करून गेला की शेळीचं पोट बिघडलं आहे.

तेव्हा सेक्रेटरींनी बांध घालायचं ठरवलं. मातीचा, वरून दगड, त्यावर पुन्हा माती, आणि सगळ्यावर सिमेंटचा हात. खोलीला जेवढं लक्ष दिलं नाही तेवढं त्या बांधाला दिलं. मिस्त्री म्हणाला, साहेब, खोली बांधायची की धरण? सेक्रेटरी म्हणाले, आधी धरण.

बांध चांगलाच झाला. फारच चांगला झाला. खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, आणि स्लॅबवर रोज पाणी मारायचं काम सुरू झालं. नव्या सिमेंटला पाणी लागतं. ते प्यायल्याशिवाय ते घट्ट होत नाही. सिमेंट प्यायचं ते प्यायचं, उरलेलं खाली उतरायचं, जाताना माती घेऊन जायचं आणि बांधाला येऊन थांबायचं. ते बाहेर जाईना. सेक्रेटरी खूश. आठवड्याभरात अंगणात करड्या रंगाचं एक छोटंसं तळंच तयार झालं. गुलाबाची झाडं त्यात उभी होती, दोरीवरचे कपडे काढायला बायकोला विटांवरून जावं लागे, आणि संध्याकाळी बेडूक ओरडायला लागले. मोठं तळं वाचवायला सेक्रेटरींनी घरात छोटं तळं पाळलं आहे, असं डॉक्टर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगत. पेशंटचं तोंड आधीच उघडं असल्यामुळे त्यांना हसणं लपवता येत नसे.

आता हे पाणी सोडायचं कुठे? सेक्रेटरींनी विचार केला की नियमाने जावं. ते नगरपालिकेच्या पाणी खात्यात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की एवढ्याशा खोलीला आमच्याकडे नियमच नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग मला तसं लिहून द्या. साहेब म्हणाले, नियम नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी झाल्याशिवाय लिहून कसं देणार? सेक्रेटरींनी नोकरीत आयुष्यभर लोकांना अशीच उत्तरं दिली होती. त्यांना त्या उत्तरातलं कौशल्य कळलं आणि राग जास्तच आला. त्यांनी फारच गळ घातली तेव्हा साहेब म्हणाले, बरं, नमुना घेऊन या.

सेक्रेटरींनी बाटलीत पाणी भरलं. चांगलं गढूळ, ढवळून घेतलेलं. बसमध्ये ते बाटली मांडीवर धरून बसले होते आणि शेजारच्या बाईंनी दोनदा जागा बदलली. कार्यालयात साहेब जेवायला गेलेले. बाटली टेबलावर ठेवून सेक्रेटरी बाकावर बसले. साहेब आले, मग त्यांचा फोन आला, मग त्यांच्याकडे कुणी पाहुणे आले. शेवटी साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"हे तर स्वच्छ आहे," ते म्हणाले. "तुमची तक्रार काय आहे?"

माती सगळी तळाशी बसली होती. सेक्रेटरींनी घाईघाईने बाटली हातात घेऊन खळाखळा हलवली आणि म्हणाले, आता बघा. साहेबांनी बघितलं. मग त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. "आता ते तुम्ही गढूळ केलंत," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

अपमान गिळून सेक्रेटरी बसमध्ये बसले, आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाटली पुन्हा निवळली होती. पाण्याला काही करायला नको, फक्त थांबू द्यायला हवं. इमारतवाल्यांना हेच ते गेले कित्येक महिने शिकवत होते. आपल्या अंगणातलं पाणी मात्र रोज कुणीतरी हलवत होतं: मिस्त्री त्यात थापी धुवायचा, बायको विटांवरून घसरून पाय टाकायची, बेडूक तर बेडूकच. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं की आता कुणीही त्या पाण्याला हात लावायचा नाही. मिस्त्रीला सुट्टी दिली. स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

पाणी निवळायला लागलं आणि नेमके डास खात्याचे लोक आले. कुणी कळवलं ते कळलं नाही. डॉक्टर त्या वेळी कुंपणाशी नव्हते एवढं खरं. साचलेलं पाणी ताबडतोब वाहतं करा, नाहीतर दंड, असं ते म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, वाहतं केलं तर ते तळ्यात जातं. ते म्हणाले, तळं आमच्या खात्यात येत नाही. सेक्रेटरींनी त्यांना निवळण्याचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी अंगणावर धूर मारला. धुराने बेडूक खवळले, बेडकांनी पाणी ढवळलं, आणि दोन दिवसांची मेहनत मातीला मिळाली.

आता सेक्रेटरी खचले. जेवताना ताटात बघत बसले. बायकोला दया आली. तिने आईला फोन लावला, बोलता बोलता सगळं सांगितलं, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुरटी फिरवा की. एवढं शिकलात आणि तुरटी माहीत नाही?"

माहीत होती. दाढी झाल्यावर रोज गालावर फिरवत होते. पण घरच्या माठात चालणारी वस्तू नियमांच्या कामातही चालते, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी तुरटीचे मोठे खडे आणले, काठीला बांधले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अंगणभर फिरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ चिखलाच्या गादीसारखा खाली बसलेला आणि वर पाणी निवळशंख. सेक्रेटरींनी अलगद पाय बुडवला. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पायांची बोटं. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, हो, तुमचीच आहेत. आता फक्त वरचं पाणी नळीने काढून झाडांना घालायचं आणि खालचा गाळ वाळवून खड्ड्यात भरायचा. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं असतं. सेक्रेटरींनी नळी आणायला पाऊल उचललं, तोच फाटकाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला.

तुरटीचं सांगितल्यावर सासूबाईंना राहवलं नव्हतं. खोली बघायची आणि जावयाची फजितीही बघायची म्हणून, कळवल्याशिवाय, ट्रंकेसकट त्या निघून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना फाटकापासून चालवेना, म्हणून टॅक्सी मागे घेत घेत अंगणापर्यंत आणायचं ठरलं.

इथे सेक्रेटरींचा एक स्वभाव सांगायला हवा. त्यांनी जन्मात कधी गाडी चालवली नव्हती. पण कुठलीही गाडी मागे येताना दिसली की त्यांच्याच्याने राहवत नसे. ते पळत मागे जाऊन उभे राहत, हात हलवत आणि 'येऊ दे, येऊ दे' म्हणत. गल्लीतल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या दिव्यांना याचा अनुभव होता. आजही त्यांनी पायातला चिखलसुद्धा धुतला नाही.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे, येऊ दे. जागा आहे. अजून येऊ दे."

टॅक्सीवाला येत राहिला. सेक्रेटरींची पाठ बांधाकडे होती. बांध किती जवळ आला आहे ते गाडी त्यावर आदळली तेव्हाच कळलं.

धरण म्हणून बांधलेली वस्तू फुटताना धरणासारखीच फुटते. आधी एक विचारात पडल्यासारखी शांतता, मग दगड सरकला, आणि मग साचलेलं सगळं पाणी, खालची गाळाची गादी, तुरटीचे खडे, हॉलचा एक पडदा आणि बेडकांचं बिऱ्हाड एकदम उताराला लागलं. सासूबाई काचेतून बघून म्हणाल्या, खोलीला पाणी भरपूर आहे हे बरं. सेक्रेटरी त्या पाण्याच्या पुढे पळत सुटले. पुढे पळून ते काय करणार होते हे त्यांनाही माहीत नव्हतं. एक चप्पल मागे राहिली, दुसरी पुढे गेली. रस्ता आला. पलीकडे तळ्याच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर सकाळी पोहणारी मंडळी टॉवेल गुंडाळून उभी, त्यात दातांचे डॉक्टरही. सगळ्यांची तोंडं उघडी.

आणि तेव्हा इमारतीच्या फाटकातून इंजिनिअरबाईंचा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या मोठ्याने बोलल्या. कामगार वाळूची पोती घेऊन धावले, रस्त्यावर तिरपी रांग लावली, आणि टाकीच्या तोंडावरची फळी उचलली. पाणी पोत्यांना येऊन धडकलं, जरा घुटमळलं, आणि निमूटपणे टाकीच्या वाटेला लागलं. जे सेक्रेटरींनी भांडून, छत्री उघडून, करार करून बांधून घेतलं होतं, त्याच तीन कप्प्यांत त्यांच्या अंगणातला गाळ शिरत होता. एक कामगार आत डोकावून म्हणाला, सेक्रेटरी भरला. त्या वेळी कुणी हसलं नाही.

पण सगळं अडलं नाही. पोत्यांची रांग पुरी होण्याआधीच एक करडी जीभ पलीकडे निसटली. ती पायऱ्यांवरून सावकाश उतरली आणि काठाच्या पाण्यात पसरली. पोहणारे जिथे उभे राहून गप्पा मारत, नेमकं तिथे पाणी चहाच्या रंगाचं झालं. सेक्रेटरी अनवाणी उभे राहून ते बघत होते. 

दुसऱ्या दिवशी फळा त्यांनाच लिहायचा होता. डॉक्टर कुंपणाशी येऊन हळू आवाजात सांगून गेले की साहेब, 'कारण अज्ञात' लिहा. टॅक्सीवाल्याचं नाव घाला हवं तर, तो काही परत येत नाही. आम्ही पोहणारे सगळे तुमच्या बाजूचे आहोत. सेक्रेटरींना सल्ला पटला नाही, पण आवडला. खडू हातात घेऊन ते बराच वेळ घरातच येरझाऱ्या घालत राहिले. टॅक्सी खरंच लागली होती. सासूबाई खरंच न कळवता आल्या होत्या. डास खात्याने खरंच धूर मारला होता. विचार करायला बसलं की त्यांच्याशिवाय सगळेच गुन्हेगार निघत होते.

बायको पडदे धुवून दोरीवर टाकत होती. तिथूनच ती म्हणाली, "अहो, येऊ दे कोण म्हणत होतं?"

सेक्रेटरींनी खडू या हातातून त्या हातात घेतला.

"तुम्ही लिहा," ती म्हणाली. "नाहीतर मी जाऊन लिहिते. माझं अक्षर तुमच्यापेक्षा मोठं आहे."

तेव्हा ते गेले आणि लिहिलं: 'पाणी काठाला गढूळ. कारण: सेक्रेटरींच्या घराचं बांधकाम.' लिहून झाल्यावर ते फळ्याशेजारी उभे राहिले. त्यांची अशी कल्पना होती की लोक वाचतील, चकित होतील, या प्रामाणिकपणाला काय म्हणावं असं एकमेकांना म्हणतील. लोक आले, पाण्यात पाय घालून 'थंड आहे' म्हणाले आणि पोहायला गेले. फळा कुणीच वाचला नाही. रोज आपण इतक्या काळजीने लिहितो ते कुणी वाचत नाही, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं.

इंजिनिअरबाईंनी वाचला. त्या टॉवेल खांद्यावर टाकून आल्या होत्या, केस ओले होते, आणि पलीकडच्या काठाने पोहून आलेल्या दिसत होत्या. त्या रोज पोहतात हे सेक्रेटरींना ठाऊकच नव्हतं. त्यांनी दोन्ही ओळी नीट वाचल्या.

"करार मोडला," सेक्रेटरी म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तसा निघाला नाही. "आता टाकी चालवायला तुम्ही बांधील नाही."

"समितीने कानाडोळा केला तर," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "समितीने तर फळ्यावर लिहिलंय."

"तरी पण. तुमच्या मालकांना सांगायला निमित्त आहे."

"काका, छातीइतक्या पाण्यात उभी राहिले की मला माझे पाय दिसतात," त्या म्हणाल्या. "ती टाकी मी कशाला बंद करू?"

पायांची बोटं हे आपलं एकट्याचं गुपित आहे असं सेक्रेटरींना इतके दिवस वाटत होतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, इतकं की त्यांनी तिथल्या तिथे समितीचं उपाध्यक्षपद त्यांना देऊ केलं. इंजिनिअरबाईंनी ते घेतलं नाही. त्यांनी पायऱ्यांकडे बोट केलं, जिथे करडा गाळ वाळून पापुद्रे धरत होता, आणि म्हणाल्या की आठवडाभर, नाही का?

नियम सेक्रेटरींचाच होता. त्यांनी घरून बादली आणि ब्रश आणला. वाकून, बसून, पुन्हा वाकून ते पायऱ्या घासू लागले. दातांच्या डॉक्टरांनी ब्रश कसा फिरवायचा, खालून वर, ते वरून सांगितलं. नव्या खोलीच्या खिडकीतून सासूबाई बघत होत्या. खोलीला अजून रंग नव्हता, पण खिडकी त्यांना पसंत पडली होती, कारण तिथून तळं आणि जावई दोन्ही दिसत. सेक्रेटरींनी शेवटची पायरी घासली, पाणी ओतलं, कंबर धरून उभे राहिले आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

इंजिनिअरबाई हात मागे बांधून आल्या. पायरीवर बोट फिरवलं. बोट उजेडात धरलं.

"कोपरे राहिलेत, काका."

सेक्रेटरींच्या तोंडावर उत्तर आलं होतं. कमरेचं, वयाचं, आणि करारात कोपऱ्यांविषयी स्पष्ट असं काही लिहिलेलं नाही, हेही. पण त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वाकून बघितलं.

राहिले होते.